नाशिकचं कॉलेज विद्यार्थ्यांची नावनिशीवार जात शासनाला कळवतं का?

नाही, ‘आयशे’ या केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या वार्षिक सर्वेक्षणात विद्यार्थ्यांची नावं द्यायची नसतात, फक्त प्रवर्गनिहाय संख्या जाते. मी कॉलेजच्या कार्यालयात हाच फॉर्म भरतो. २०१०-११ पासून हे सर्वेक्षण चालू आहे. प्रत्येक कॉलेजला एक नोडल अधिकारी, म्हणजे या कामासाठी नेमलेला माणूस असतो; तो प्रवेश रजिस्टरवरून आकडे काढून ऑनलाइन भरतो. आपल्याकडच्या कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजांचा फॉर्म सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे नोडल अधिकारी तपासतात. राज्य पातळीवरही असाच एक अधिकारी असतो.

फॉर्ममध्ये अभ्यासक्रम आणि वर्षागणिक खुला, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एससी, एसटी, ओबीसी असे रकाने, प्रत्येकात एकूण आणि त्यापैकी मुली. खाली दिव्यांग आणि अल्पसंख्याकांच्या ओळी. त्या ‘एकूण’मधल्याच असतात, वेगळ्या मिळवायच्या नाहीत, बेरीज बहुतेक वेळा इथेच चुकते. मला खटकतं ते असं, की भटक्या-विमुक्तांना वेगळा रकानाच नाही. महाराष्ट्रात त्यांना स्वतंत्र आरक्षण आहे, तरी त्यांची किती मुलं कॉलेजात पोचली हे या आकड्यांतून कळत नाही. हा रकाना यायलाच हवा.

मात्र हे फक्त या सर्वेक्षणापुरतं. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज केला, तर नाव, जात, उत्पन्न सगळं विद्यार्थी स्वतःच देतो आणि कॉलेज ते पडताळून पुढे पाठवतं. अकरावी-बारावीची माहिती ‘यूडायस प्लस’ या शालेय शिक्षणाच्या वेगळ्या पोर्टलवर जाते, तीही विद्यार्थीनिहाय.