दिवे लागेपर्यंत थांब

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मैत्रिणीने ऐनवेळी अंग काढून घेतलं, शहर अनोळखी, आणि परतीची शेवटची गाडी नेमकी रॉक बँडचा कार्यक्रम संपायच्या सुमाराला. जावं की नाही हे तू विचारतच नाहीस, ते मला आवडलं. विचारतेस ते एवढंच, की शेवटची दोन-तीन गाणी सोडून निघालं तर चालेल का.

नाही चालणार. कार्यक्रम संपून तिथले दिवे लागेपर्यंत थांब.

तुझ्या वयाचा होतो तेव्हा मीही मोटरहेड हा रॉक बँड ऐकायला असाच दुसऱ्या शहरात गेलो होतो. बँड स्टेजवरून आत गेला, लोक ओरडून त्यांना परत बोलवत होते, आणि मी घड्याळ बघून बाहेर पडलो. रस्त्यावर पोचतो तोच भिंतीपलीकडून डबल बेस ड्रमचा गडगडाट सुरू झाला. 'ओव्हरकिल'. १९७९ चं हे गाणं संपलंसं वाटतं आणि पुन्हा उसळतं, तेही दोनदा. पहिल्यांदा थांबलं तेव्हा मनात आलं, संपलंच होतं, बरं झालं निघालो. मग पुन्हा सुरू झालं. दारावरचा माणूस परत आत सोडेना. गाडी मिळाली, वेळेवर घरी पोचलो. त्या वाचलेल्या वेळात काय केलं ते आज आठवतही नाही. 'पुढच्या वेळी' म्हणत वर्षं गेली, आणि २८ डिसेंबर २०१५ ला मोटरहेडचा गायक लेमी वारला.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सॅबथ या बँडचा, त्यांच्या स्वतःच्या गावात, निरोपाचा कार्यक्रम झाला. दिवसभर इतर बँड वाजवत राहिले आणि सॅबथचे मूळ चौघे अगदी शेवटी आले, २००५ नंतर पहिल्यांदा एकत्र. त्यांचा गायक ऑझी याला उभं राहवत नव्हतं, तो सिंहासनावर बसून गायला. गाणी फक्त चार. सतरा दिवसांनी तो गेला. त्या दिवशी गाडीसाठी लवकर निघालेल्या माणसाने काय ऐकलं असेल, सांग बरं!

तेव्हा शनिवारची रात्र तिथेच काढ. खोली आजच ठरव, कार्यक्रमाच्या जागेपासून पायी जाता येईल अशी. दिवसभर शहर पालथं घालून पाय दुखवून घेऊ नकोस. शहर रविवारी बघ.

इअरप्लग ने, कापूस चालत नाही. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, असा कानांना सोसेल त्याचा हिशोब सांगतात. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं, आणि तू तर शेवटपर्यंत थांबणार आहेस. आवाज नीट ऐकायचा असेल तर मिक्सिंग डेस्कच्या, म्हणजे आवाज जुळवतात त्या टेबलाच्या, आसपास उभी राहा. तिथला माणूस स्वतःला जे ऐकू येतं त्यावरच सगळं बसवत असतो. एकटीचं काय, म्हणतेस. स्टेजपुढच्या धक्काबुक्कीत कोणी पडलं की आजूबाजूचे लगेच हात देऊन उठवतात, ही त्या गर्दीची जुनी रीत आहे. तरी पहिल्या खेपेला कडेलाच राहा, बाहेर पडायचं दार कुठे आहे ते आधी बघून ठेव.

आणि कोणी बेजबाबदार म्हटलं तर म्हणू दे. मलाही म्हणाले. एकदा असाच शेवटपर्यंत थांबलो आणि सकाळी धाकट्या भावाला स्टेशनवर सोडायला पोचू शकलो नाही. तो वर्षभर बोलला नाही. पण मी त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, आणि त्याचं सामानही फार नव्हतं. चूक झाली असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

गाडीचं आरक्षण रविवार संध्याकाळचं कर. हे पत्र मिळताच कर, उद्यावर टाकू नकोस. आणि शेवटचं गाणं कोणतं वाजलं ते मला कळव.

तुझा,
काका