प्रश्न बंद झाला म्हणून खचू नकोस

‘पायथन शिकायला कोणतं पुस्तक घेऊ?’ हा तुझा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लोवर, म्हणजे प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर, बंद झाला. वाईट वाटणं साहजिक आहे, पण प्रश्न वाईट नव्हता, जागा चुकली. पुस्तक, टूल, लायब्ररी सुचवा म्हटलं की दहा जण दहा मतं देतात, आणि ती यादी काही वर्षांत शिळी होते. म्हणून तिथे असे प्रश्न बंद होत आले आहेत. ते चॅटमध्ये किंवा ओळखीच्या ग्रुपवर विचार.

इतर प्रश्नांसाठी स्टॅक ओव्हरफ्लोच्याच भावंड साइट्स आहेत. लॅपटॉप अडकतोय? सुपर यूजर. ऑफिसचा सर्व्हर सांभाळतोस? सर्व्हर फॉल्ट. या दोन्ही जागा 2009 मध्ये याचसाठी वेगळ्या काढल्या. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमचं काही असेल तर आस्क उबुंटू आहेच.

कोड अडला असेल तर मात्र स्टॅक ओव्हरफ्लोवरच ये, पण तयारीनिशी. समज, पायथनच्या इनपुट फंक्शनने घेतलेल्या वयात तू 1 मिळवतोस आणि टाइपएरर, म्हणजे डेटाचा प्रकार जुळत नसल्याची एरर, येतो. (इनपुट नेहमी मजकूरच देतं, आधी त्याचा इंट, म्हणजे पूर्णांक, कर.) अशा वेळी अख्खा प्रोजेक्ट चिकटवू नकोस. त्या दोन ओळी, एररचा पूर्ण मजकूर आणि तुला काय अपेक्षित होतं, एवढंच दे. एररचा फोटो तर अजिबात नको, तो सर्चमध्ये सापडत नाही.

आणि बंद झालेला प्रश्न नव्याने टाकू नकोस, याचा मला खरंच त्रास होतो. प्रश्न त्या जागेत बसणारा असेल तर तोच एडिट कर. तो पुन्हा उघडता येतो.