आधी कोरस बसव

पहिलंच ग्रीक नाटक म्हणून ‘अँटिगनी’ घेतलंस, बरं केलंस. पण अँटिगनी कोण करणार याची काळजी आत्ता नको; आधी कोरस, म्हणजे एकत्र बोलणारा-गाणारा जथा, बसव. हे नाटक लिहिणाऱ्या सोफोक्लीसच्या कोरसात 15 जण असत, तुझं 7 जणांत भागेल. जळगावात मी पहिल्यांदा कोरसला एका ओळीत उभं करून एका सुरात बोलायला लावलं होतं. प्रार्थनेला उभी शाळाच वाटली! मग एका रात्री वहीगायन, आपलं खानदेशी लोकगायन, ऐकताना डोक्यात उजेड पडला. मुख्य गायक ओळ टाकतो, मागचे साथीदार, झीलकरी, ती उचलतात, डफ लय धरून ठेवतो. पोरांना तेच ऐकव. अथेन्सचा कोरससुद्धा गायचा, नाचायचा.

अहिराणीत करणार असशील तर राजा क्रेऑनला खलनायक करू नकोस रे भाऊ. हट्टी पाटलासारखा तो स्वतःच्या मते बरोबरच असतो. पोराशी, हायमॉनशी, त्याचं भांडण जमलं की अर्धं नाटक जमलं. मरण रंगमंचावर दाखवू नकोस, दूताला सांगू दे.

मुखवटे पुठ्ठ्याचे चालतील, तोंडाचं भोक मात्र मोठं ठेव. आणि मे महिन्यात तालीम संध्याकाळी सातनंतरच. पत्र्याखाली भरदुपारी मुखवटा घालून कुणी उभं राहत नाही.