मोजणी चुकली की पुन्हा लाभ

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, ध्यान माझं काम नाही. डोळे मिटले की आधी अभ्यासिकेची फी आठवते, मग प्रिलिमचा कटऑफ, मग मेसचं बिल. दहा मिनिटांत एक मिनिट डोकं रिकामं होईल तर शपथ." तुझ्या मागे रिक्षांचा गोंगाट, माझ्या कानात मशीन. बोलणं अर्धवटच राहिलं, म्हणून पत्र लिहायला बसलोय. तुझी पिढी पत्र वाचते का ठाऊक नाही. जेवताना वाच.

डोकं रिकामं करायला तुला सांगितलं कुणी? हा शब्द आपल्या घरात रोज वापरात आहे, त्याच्याकडेच बघ ना. "ध्यानात ठेव" म्हणजे विसरू नकोस. "ध्यानीमनी नसताना" म्हणजे मनात काहीच आलेलं नसताना. एखादा अवतार समोरून आला की तुझी आजी हळूच म्हणायची, "काय ध्यान आहे बघ!" आणि तुकोबांचं "सुंदर ते ध्यान" म्हणजे तर विटेवर उभं असलेलं प्रत्यक्ष रूप. कुठल्याही अर्थी घे, ध्यान म्हटलं की समोर काहीतरी असतंच. हाच शब्द पालीत झान झाला, चीनमध्ये चान आणि जपानमध्ये झेन. इतका प्रवास केला, तरी रिकामं डोकं असा अर्थ काही त्याला चिकटला नाही.

पतंजलींनी तर योगसूत्रांतल्या दोन सूत्रांत निकाल लावलाय. चित्त एका जागी बांधणं ही धारणा, आणि त्याच जागी जाणीव एकसारखी वाहत राहिली की ते ध्यान. जुने आचार्य तेलाच्या धारेची उपमा देतात. डब्यातून बाटलीत तेल ओतताना बघ, पाण्यासारखं ते थेंब थेंब तुटत नाही, आवाजही करत नाही. मला विचारशील तर तू आणि मी दहा मिनिटं जे करतो तो धारणेचा सराव आहे. धार लागली तर लागली. ती लावायला गेलं की हमखास तुटते.

आता माझ्या आजोबांकडे येतो. ते मापाडी होते. खळ्यावर ज्वारीची रास पडली की त्यांना बोलावणं यायचं. रासेसमोर उकिडवे बसून पायली भरायची, वरून हात फिरवून सपाट करायची आणि पोत्यात ओतायची. पहिल्या मापाला ते "एक" कधीच म्हणत नसत, "लाभ" म्हणत. शिवाय एकदा म्हणून थांबत नसत. दुसरी पायली भरेपर्यंत "लाभ, लाभ, लाभ" असं पुटपुटणं चालूच. मग दोन, दोन, दोन. भरता भरता खडा किंवा काडी दिसली तर डाव्या हातानं बाजूला टाकायची, तोंडातला आकडा मात्र सुटू द्यायचा नाही. मी सहा-सात वर्षांचा होतो. मुद्दाम मध्येच काहीतरी विचारायचो. ते उत्तर देत नसत, आकडा थोडा मोठ्यानं म्हणत, एवढंच.

पुढे कितीतरी वर्षांनी विसुद्धिमग्गातला श्वासाचा भाग वाचताना मी खुर्चीत ताठ बसलो. पाचव्या शतकात श्रीलंकेत बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी लिहिलेला हा पाली ग्रंथ. श्वास मोजायचा कसा हे सांगताना ते म्हणतात, आधी धान्य मोजणाऱ्यासारखं सावकाश मोज. तो माप भरतो, "एक" म्हणून ओततो, पुन्हा भरताना कचरा दिसला तर काढतो आणि "एक, एक" म्हणत राहतो. म्हणजे माझे आजोबाच की! दीड हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तकात, खडे वेचताना. या ग्रंथाचं हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथमालेतलं संपादन आपल्या धर्मानंद कोसंबींनी पुरं केलं. १८७६ साली गोव्यात सांखवाळला जन्मलेला माणूस बुद्धाच्या ओढीनं घर सोडून पुणे, काशी, नेपाळ करत सिंहलद्वीपापर्यंत, म्हणजे श्रीलंकेपर्यंत पोचला. ते पुस्तक छापून आलं १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

बुद्धघोषांचं पुढचं सांगणं तुझ्या कामाचं आहे. मोजणी पाचाच्या आत थांबवू नको आणि दहाच्या पुढे नेऊ नको. पाचाच्या आत थांबलीस तर अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखं मन धडका मारतं. दहाच्या पुढे गेलीस तर मन श्वास सोडून आकड्यालाच धरून बसतं. हे दुसरं मी स्वतः केलंय. एकदा १४० पर्यंत गेलो आणि मोठा योगी झाल्यासारखं वाटलं. श्वास कुठे होता, पत्ता नाही.

आता तुझी खरी तक्रार, की मन सुटतं. सुटणारच. मी बँकेत कॅशियर होतो तेव्हा नोटा मोजायची यंत्रं आमच्या शाखेत नव्हती. डबीतल्या ओल्या स्पंजवर बोट टेकवायचं आणि शंभराची गड्डी मोजायची. बासष्टला कुणीतरी "साहेब, स्लिप आहे का?" म्हणून डोकं आत घालायचं, आणि आकडा गेला. अशा वेळी दोनच वाटा असतात. एक, "बहुतेक बासष्टच" म्हणून पुढे रेटायचं. दुसरी, गड्डी सरळ करून पुन्हा एकपासून. नवा होतो तेव्हा बाहेरची रांग बघून मी बहुतेकवाली वाट धरायचो. एका शनिवारी संध्याकाळी दोनशे रुपये कमी भरले. पगारातून भरले, आणि तेव्हाचा पगार विचारू नकोस. नंतर सवय लागली. आकडा गेला, एकपासून. स्वतःवर चिडायचं नाही, स्लिपवाल्यावरही नाही. कारण चिडण्यात आणखी चार नोटा चुकतात.

श्वासाचंही तेच. सहाव्या श्वासाला तू कटऑफमध्ये गेलीस आणि थोड्या वेळानं ध्यानात आलं की गेलेय. ते ध्यानात येणं हाच त्या दहा मिनिटांतला खरा व्यायाम. आलं की पुन्हा लाभ. दहा मिनिटांत चाळीस वेळा परत आलीस तर चाळीस वेळा पायली भरलीस, आणि तू सांगतेस की काहीच जमलं नाही!

बसायचं कसं, हे थोडक्यात सांगतो, कारण यावर लोक नको इतकं बोलतात. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात बसायच्या जागेचं असं वर्णन केलंय की विलासी माणसानंही पाहताक्षणी राज्य सोडावं आणि तिथेच निवांत राहावं. तुझी कॉट बेसिसवरची खोली, चौघींत एक पंखा. तिथून राज्य सोडायचा प्रश्नच नाही. कॉटवर पाठ ताठ ठेवून बस, नाहीतर खुर्चीवर पाय टेकून. मांडी घातलीच पाहिजे असं काही नाही. सकाळी फोनला हात लावायच्या आधी दहा मिनिटं. श्वास ओढायचा नाही, रोखायचा नाही, तो प्राणायाम झाला आणि त्याची शिस्त वेगळी. श्वास आपला आपण चाललाय, नाकपुड्यांपाशी तो लागतो तेवढं बघायचं. बाहेर कुकरची शिट्टी झाली तर झाली. तो खडा. डाव्या हातानं बाजूला.

आणि श्वासच हवा असंही नाही. माझी आई गोमुखीत, म्हणजे जपाच्या पिशवीत, हात घालून जप करायची. माळेचे १०८ मणी, तर्जनी बाहेर, मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची. गोंदवल्याच्या महाराजांचा तेरा अक्षरी मंत्र, श्रीराम जय राम जय जय राम. मधेच दारात दूधवाला आला की "काल पाणी होतं रे दुधात!" असं ठणकावून पुढचा मणी. लहानपणी आम्ही हसायचो. आता वाटतं, तिला परतीची वाट पाठ होती. तुला नाम जवळचं वाटत असेल तर नाम घे. फक्त दर आठवड्याला पद्धत बदलू नको. आज श्वास, उद्या ज्योत, परवा मोबाईलमधली बाई "रिलॅक्स" म्हणतेय, असं केलं तर विहीर कुठेच लागत नाही, नुसते खड्डे होतात.

इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जाऊ का, हेही विचारलं होतंस. मी निवृत्तीनंतर गेलो. तिथे १९७६ पासून शिबिरं चालतात. ही पद्धत भारतात आणली ती मंडालेत जन्मलेल्या सत्यनारायण गोएंकांनी, १९६९ मध्ये. त्यांचे गुरू ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल, म्हणजे तेही हिशेबातलेच, हे वाचून मला उगाच बरं वाटलं. गोएंका पहिल्यांदा गेले ते अर्धशिशीला कंटाळून, आणि गुरूंनी सुनावलं की नुसत्या डोकेदुखीसाठी येत असाल तर येऊ नका. दहा दिवसांचा क्रम असा: पहाटे चारला घंटा, अकराला जेवण, रात्रीचं जेवण नाही, दहाव्या दिवसापर्यंत मौन. फोन, वही, पुस्तक सगळं जमा. पहिले तीन दिवस फक्त श्वास. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना बघायच्या, आणि रोज काही तास हात, पाय न हलवता आणि डोळे न उघडता बसायचं. माझ्या डाव्या गुडघ्यात असा निखारा पेटला की मनातल्या मनात मी पिशवी दोनदा भरली. तिसऱ्यांदा भरताना कळलं की दुखणं एका जागी स्थिर नाहीये, सरकतंय, मधेच विरतंय, परत येतंय. गुडघा दुखायचा थांबला नाही. मी मात्र थांबलो. फी नसते, शिबिर पुरं केलेल्यांच्या दानावर चालतं. दहाव्या दिवशी मौन सुटलं तेव्हा पहिली अर्धी चर्चा जेवणावरच झाली, हेही सांगून ठेवतो.

पण तू आत्ता जाऊ नकोस. परीक्षा तोंडावर असताना दहा दिवस गायब झालीस तर अकराव्या दिवशीची धडधड कुठलाही श्वास सांभाळणार नाही. परीक्षा होऊ दे, रोजच्या दहा मिनिटांची सवय मुरू दे, मग जा.

आणखी एक गोष्ट, ही जरा नीट वाच. गेल्या महिन्यात झोप येत नाही म्हणालीस, आणि मधे "कशातच राम वाटत नाही" असंही म्हणालीस. ते एखाद्या दिवसाचं असेल तर ठीक. आठवडे चाललं असेल तर डॉक्टरला दाखव, लाजू नको. चष्मा लागला तर आपण डोळे मिटून बसतो का? ध्यान औषधाच्या जागी नाही. उलट मन खूप खचलेलं असताना तासन्‌तास एकटीनं डोळे मिटून बसणं कधीकधी बाधतं. शिबिराच्या अर्जातसुद्धा मानसिक आजाराबद्दल विचारतात, ते उगाच नाही. पैसे नाहीत हे कारण मला सांगायचं नाही. फोन कर.

आणि "सात दिवसांत कुंडलिनी" असली पत्रकं तुमच्या पेठांतल्या खांबांवर चिकटवलेली असतात, त्यांच्यापासून लांब राहा. जो दिवस मोजून फळ देतो तो दुकानदार.

आजोबांची पायली माझ्याकडे आहे. तुझ्या काकूनं तिच्यात कोथिंबीर लावली होती, मी ती काढून घासून ठेवली. दिवाळीत येशील तेव्हा दाखवतो. तोंडाच्या कडेला एका जागी पितळ बोटभर झिजलंय, हात फिरवून सपाट करताना त्यांचा अंगठा जिथे टेकायचा तिथे.

तुझा,
काका