रोड्सच्या जुन्या शहरातला ज्यू भाग सहा तासांत बघण्यासारखा आहे का?

तुम्ही विचारलंय की क्रूझवरून ग्रीसमधल्या रोड्स बेटावर सहा तास मिळणार आहेत, तर जुन्या शहरातला ज्यू भाग बघावा की सरळ राजवाडा गाठावा. आणि पुढे लिहिलंय, ‘तिथं आता ज्यू उरलेच नाहीत म्हणे, मग बघायचं काय?’ या शेवटच्या ओळीपायी मी लिहायला बसले. हेच वाक्य माझा थोरला भाऊ मला गेली कित्येक वर्षं ऐकवतोय. रोड्सबद्दल नव्हे, आमच्या गावाबद्दल.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, अलिबागकडचे. आजोबांच्या गावात आमची छोटी मशीद आहे. (सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, आमच्यातली जुनी माणसं मशीदच म्हणतात. मुंबईतल्या मशीद स्टेशनाचं नाव तिथल्या आमच्या जुन्या मशिदीवरून पडलंय.) कौलं फुटलीत, एका वाशाला वाळवी लागलीय. दुरुस्तीसाठी वर्गणी काढली, तेव्हा इस्रायलमधल्या अश्दोदहून दादाचा फोन आला: “मिन्यानला दहा पुरुष जमत नाहीत तिथं. कुणासाठी कौलं घालताय?” (सामूहिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात, तो मिन्यान.) त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतंच उरलं.

पुढे भाच्याच्या लग्नाला इस्रायलला गेले, तेव्हा वहिनीच्या आग्रहानं आम्ही तिघं चार दिवस रोड्सला गेलो. शुक्रवारी संध्याकाळी दोसियादू नावाच्या बोळात काहाल शालोम शोधत होतो. १५७७ सालची ही मशीद, ग्रीसमध्ये आजही वापरात असलेली सगळ्यांत जुनी. आत पाऊल टाकलं आणि चपलेखाली गोटे लागले. समुद्रकाठचे काळे-पांढरे गोटे उभे रोवून सगळी जमीन नक्षीनं भरलीय. मधोमध तेवा, म्हणजे प्रार्थना म्हणायचा चौथरा, आमच्याकडे असतो तसाच. हेखल, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, मात्र दोन, अंगणात उघडणाऱ्या दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक. आमच्याकडे एकच असतो, म्हणून मी बघत राहिले.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ दादाच्या दंडाला धरून हिब्रूत विचारायला लागले, तू ज्यू आहेस का? नऊ जण जमले होते. कुणी ब्रुसेल्सहून आलेलं, कुणी अमेरिकेतून, सगळ्यांचे आजी-आजोबा या बेटावरचे. दहावा मिळत नव्हता. दादा दहावा झाला. मी आणि वहिनी बाजूला बसलो, आम्हाला मोजत नाहीत. ते मला आजही पटत नाही, पण तो वाद वेगळा. आमची रीतही सेफार्दी, म्हणजे स्पेनकडच्या ज्यूंची, त्यामुळे दादाला कुठं उठायचं, कुठं वळायचं हे सांगावं लागलं नाही. शुक्रवार संध्याकाळच्या ‘लखा दोदी’ या गीताची चाल निराळी होती, दुसऱ्या कडव्यापासून त्यानं ती धरली.

भिंतीवरच्या फलकावर आडनावं कोरलीत: अल्हादेफ, फ्रँको, हासोन, अशी कितीतरी. १९४४ च्या जुलैत जर्मनांनी रोड्स आणि कोस इथले १६०० हून जास्त ज्यू धरले आणि २३ जुलैला बोटीत कोंबले. आधी अथेन्सजवळचं पिरेयस बंदर, तिथून मालगाडीनं आउशवित्झची मृत्युछावणी. १६ ऑगस्टला पोचले. वाचले १५० च्या आसपास. तुर्कस्तानचे कॉन्सुल सेलाहत्तिन उल्कुमेन यांनी अडून बसून पन्नासेक जण सोडवले. तुर्की नागरिकाचा नवरा किंवा बायकोही आमच्या कायद्यानं तुर्कीच, असं त्यांनी जर्मनांना ठणकावलं. असा कायदा नव्हताच. इथली माणसं लदिनो बोलत, स्पेनमधून हाकललेल्या पूर्वजांची भाषा, चारशे वर्षं जपलेली. बायका पूर्वी ज्या खोल्यांत बसून प्रार्थना ऐकत, तिथं आता संग्रहालय आहे. लग्नाचे कपडे, शाळेचे फोटो, करारनामे. मी तिथंच जास्त रेंगाळले.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, जा, आणि आधी तिथंच जा. बाजारातल्या हिप्पोक्रेतीस चौकातून आरिस्तोतेलूस रस्त्यानं पाच मिनिटांत ज्यू हुतात्मा चौक लागतो. ब्राँझच्या समुद्रघोड्यांचं कारंजं आहे, जवळच काळ्या दगडाचं स्मारक, त्यावर लदिनोतही मजकूर आहे. तिथून बोळात शिरा. घरांच्या चौकटींवर नजर ठेवा, काही ठिकाणी हिब्रू अक्षरं दिसतील. राजवाड्यासाठी जीव टाकू नका. मूळचा १८५६ च्या स्फोटात उडाला, आज दिसतो तो इटालियनांनी १९३७ ते १९४० मध्ये उभा केलेला. आणि ज्याला तुम्ही ‘कुणी उरलं नाही’ म्हणताय, ती मशीद कुणीतरी झाडून-पुसून उघडी ठेवली, म्हणूनच तुम्हाला बघायला मिळणार आहे.

सांगायचं राहिलं: बोट शनिवारी लागत असेल तर संग्रहालय बंद असतं. वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, आधी बघून घ्या. खांदे-गुडघे झाकलेले असू द्या, पुरुषांनी डोकंही. दफनभूमी शहराबाहेर आहे, टॅक्सी करावी लागते. सहा तासांत तीही होते, पण मग बाजार विसरा.

बोळातून परतताना दादा म्हणाला, “इथली गोष्ट वेगळी आहे, इथं जगभरातून माणसं येतात.” दादा, ही साइट तू वाचतोस हे मला माहीत आहे. तुझी मुलं, माझी मुलं, मावशीची नातवंडं कॅनडातली, ही सगळी जगभरातलीच आहेत. त्यांनी यायचं तर मशिदीला छप्पर हवं. सुतार मे महिन्यात मोकळा आहे, जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येईल. खाते क्रमांक तुझ्याकडे आहे.