गणित नको म्हणून मानसशास्त्र घेतलं होतं...

"मॅडम, गणित नको म्हणून तर मानसशास्त्र घेतलं. आता एम.ए.ला हे संख्याशास्त्र कुठून आलं?"

हा प्रश्न घेऊन दरवर्षी कुणी ना कुणी माझ्याकडे येतंच. ही मुलगी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून एसटीनं यवतमाळला यायची (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). टी-टेस्टचं, म्हणजे दोन गटांच्या सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासणाऱ्या चाचणीचं, नाव काढलं की तिच्या तळहातांना घाम सुटायचा. आठवीत तिला फळ्यापुढं उभं करून वर्गाला हसवलं होतं. आकड्यांची वही उघडली की अजून तो फळा समोर यायचा.

अशा मुलांना "घाबरू नको, सोपं आहे" असं मी कधीच म्हणत नाही. सोपं असूनही मला येत नाही, एवढंच त्यांना ऐकू जातं.

मी पुस्तक मिटायला लावलं आणि विचारलं, "गेल्या पाच वर्षांत बाबांच्या सोयाबीनची झडती एकरी किती लागली?"

ती झटकन म्हणाली, "पाच, सहा, चार, सात, तीन क्विंटल." आणि काकांची? "पाच, पाच, सहा, चार, पाच."

सरासरी दोघांचीही ५.

"मग दोघं सारखेच?"

"नाही ना मॅडम! बाबाले झोप लागत नाही. काकाचं दरसाल ठरलेलं असते."

तो फरक मोजायचं माप म्हणजे प्रमाण विचलन. बाबांचे सरासरीपासूनचे फरक ०, १, −१, २, −२. वर्गांची बेरीज १०, ४ नं भागून २.५, वर्गमूळ साधारण १.५८. काकांचं ०.७१. इथं ती अडली. वर्षं पाच, मग भागायचं चारनं का? 'एन वजा एक' तिनं घोकलं होतं, पण का ते कुणाला विचारायची हिंमत झाली नव्हती.

मी शेवटचा फरक हातानं झाकला. "सगळ्या फरकांची बेरीज शून्यच येते. आता बाकीचे चार बघून हा सांग."

"उणे दोन. दुसरं काही होऊच शकत नाही."

चार मोकळे, पाचवा बांधलेला. याला डिग्री ऑफ फ्रीडम म्हणतात, हे मी नंतर सांगितलं. ती बराच वेळ कागदाकडं बघत बसली.

मग तिला गॉसेटची गोष्ट सांगितली. डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात काम करणाऱ्या या माणसाला मोजक्याच नमुन्यांवरून निष्कर्ष काढायचे होते. त्यातून १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावानं त्याचा लेख आला, तीच ही टी-टेस्ट. संख्याशास्त्रज्ञ फिशरनं विचरणाच्या विश्लेषणाची, म्हणजे अनेक गटांच्या सरासऱ्या एकत्र ताडून बघण्याची, पद्धत पुढं नेली तीही इंग्लंडच्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात. "म्हणजे हे वावरातूनच आलं?" असं विचारताना ती पहिल्यांदा हसली.

सहा आठवडे रोज पाच आकड्यांचं एकच उदाहरण हातानं करायचं आणि तोवर एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर उघडायचं नाही, असं ठरवलं. घाम लगेच थांबला नाही. चौथ्या आठवड्यात कमी झाला.

तिचा लघुप्रबंध परीक्षेच्या चिंतेवर होता: वसतिगृहातल्या ३० मुली आणि गावाहून ये-जा करणाऱ्या ३०. टी-टेस्टचा आकडा आला १.२, फरक योगायोगाचा नाही म्हणायला हवा होता निदान २ च्या आसपास. रडवेली होऊन फोन केला, "आणखी वीसेक फॉर्म भरून घेऊ का? मग येईल फरक."

मी ठाम नाही म्हटलं. निकाल बघून, हवा तो येईपर्यंत माणसं वाढवत राहिलं, तर नसलेला फरकही कधीतरी सापडतो, मग ०.०५ च्या पातळीला, म्हणजे नसलेला फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाचच ठेवण्याला, काही अर्थ उरत नाही. शिवाय फरक दिसला नाही म्हणजे दोन्ही गट सारखे आहेत, असंही सिद्ध होत नाही. जे आलं ते तसंच लिही, म्हटलं. तिनं तसंच लिहिलं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी एसटी स्टँडवरून तिचा फोन आला. मागं गाड्यांचा गोंगाट होता.

"मॅडम, सरांनी विचारलं, साठ मुली तर डिग्री ऑफ फ्रीडम अठ्ठावन्न कशी? मी म्हटलं, दोन गट, दोन सरासऱ्या, दोन्हींत एकेक बांधलेली."