'ट्रेन टू बुसान'च्या दिग्दर्शकाने आधी काय केलं होतं?

ॲनिमेशन! 'ट्रेन टू बुसान' हा कोरियन झोम्बीपट म्हणजे योन सांग-होचा पहिला लाइव्ह-ॲक्शन, म्हणजे खऱ्या नटांचा, चित्रपट. त्याआधी तो चित्रकला शिकला आणि बरीच वर्षं छोटे ॲनिमेशनपट करत राहिला.

२०११ चा 'द किंग ऑफ पिग्स' जरूर बघा. शाळेतली दादागिरी, श्रीमंत-गरीब पोरांमधली दरी, आणि हे सगळं ॲनिमेशनमध्ये, तेही निव्वळ मोठ्यांसाठी. २०१२ साली तो फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला.

माझ्या मते त्याचं सर्वांत धारदार काम मात्र 'द फेक' (२०१३). धरणाखाली जाणारं गाव, नुकसानभरपाईच्या पैशांवर डोळा ठेवून आलेला भोंदू आणि त्याचं पितळ उघडं पाडू पाहणारा एकच माणूस. तो माणूस दारुडा, बायको-मुलीला मारणारा. खरं बोलणाऱ्याची चीड यावी आणि खोट्याचा आधार वाटावा, अशी ही मांडणी. बघून झाल्यावर मी बराच वेळ नुसता बसून होतो.

२०१६ मध्ये 'ट्रेन टू बुसान' आला, त्याच वर्षी त्याच्या आधीची गोष्ट सांगणारा 'सोल स्टेशन' हा ॲनिमेशनपटही. पुढे 'हेलबाउंड' मालिका. सुरुवात 'द फेक'पासून करा, फक्त मुलांना सोबत घेऊन बसू नका.